सरड्याची प्रेग्नन्सी टेस्ट

1998 सालच्या त्या हॉलिवूडवाल्या, शहर तुडवणाऱ्या महाकाय सरड्याच्या ‘गॉडझिला’ला माझ्यासमोर कुणी भारी पिक्चर म्हणू नका. सुट्टीच्या दुपारी हिंदीत लागतो, भाचा रिमोट दाबून बसतो आणि वर मलाच म्हणतो, “मामा, ग्राफिक्स बघा की!” बघितले बाबा. भारीच आहेत, वाद नाही. धक्क्यावर म्हातारा गळ टाकून बसलाय आणि समोरून पाणी फुगत येतंय, मग फळ्यांचा चुरा करत सगळा धक्काच उधळला जातो. तो सीन आजही अंगावर येतो. पण पुढं काय? पुढं घंटा!

हिरो गांडुळांचा शास्त्रज्ञ. अणुभट्टी फुटलेल्या चेर्नोबिलच्या चिखलात करंट सोडून गांडुळं वर काढत असतो, तिथून त्याला उचलून आणतात. आणला तर आणला. हा पठ्ठ्या न्यूयॉर्कच्या मेडिकलातून घरगुती प्रेग्नन्सी टेस्टच्या किट घेतो, त्या धुडाच्या रक्तावर लावतो आणि जाहीर करतो की गॉडझिला गाभण आहे! अरे, ती किट बाईच्या लघवीतलं एचसीजी, म्हणजे गरोदरपणातलं हार्मोन, शोधते. अंडी घालणाऱ्या सरड्यात ते कुठून आलं? आमच्याकडं म्हैस गाभण आहे का बघायला गुरांचा डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवतो, आतून चाचपतो, म्हशीची लाथ चुकवतो, तेव्हा कुठं सांगतो. आणि इथं मेडिकलातली पट्टी! लिहिणाऱ्यानं लिहिलं ते लिहिलं, 13 कोटी डॉलर घालणाऱ्या एकानंही विचारू नये, कामून रे बाबा?

मग अंडी. मॅडिसन स्क्वेअर गार्डन नावाच्या स्टेडियममध्ये दोनशेच्या वर. त्यातून पिल्लं निघतात आणि पुढचा अर्धा तास थेट ‘जुरासिक पार्क’ची उधारी. इमारतीएवढा प्राणी लष्कराच्या हेलिकॉप्टरांना सापडत नाही. क्रायस्लर बिल्डिंगचा शेंडा उडतो तोही ह्यांच्याच मिसाइलनं. जाऊद्या.

मला खरी तिडीक येते ती वेगळ्याच गोष्टीची. आम्ही औसा तालुक्यातली माणसं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी, सास्तूर भागात माळवदं खाली आली. गणपती बुडवून, दमून झोपलेली माणसं मातीखाली गेली. पडलेलं घर म्हणजे काय, हे आम्हाला ग्राफिक्समधून शिकायचं नाही. ढिगाऱ्याखाली माणूस असतो, आणि बाहेर त्याचं नाव घेऊन हाका मारणारं कुणीतरी असतं. ह्या पिक्चरात ते नाहीच. मॅनहॅटन रिकामं करून टाकलंय, नुसते टॉवर कोसळतात. हिरोईन रडते कशासाठी, तर तिनं चोरलेल्या टेपची बातमी साहेबानं स्वतःच्या नावावर खपवली म्हणून!

1954 चा मूळ जपानी सिनेमा बघा एकदा. हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस जवळपास 100 किलोचा रबरी पोशाख घालून खोट्या टोकियोत चालतो. पोशाख पोशाखच दिसतो, लपत नाही. पण पेटत्या शहरात एक आई लेकरांना कवटाळून सांगते, आता आपण तुमच्या बाबांकडं जाणार. बस्स, तिथं घशात अडकतं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला होता आणि त्याची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली होती. दिग्दर्शक ईशिरो होंडानं हिरोशिमाची राखरांगोळी डोळ्यांनी बघितली होती. राक्षस त्या जखमेतून आला होता.

आणि रीमेकमध्ये राक्षस कुणामुळं? फ्रान्सच्या अणुचाचण्यांमुळं! बॉम्ब अमेरिकेचे, राख जपान्यांच्या अंगावर आणि पाप फ्रेंचांच्या माथी. वा रे वा. मूळ सिनेमा काढणाऱ्या तोहो कंपनीनं 2004 च्या त्यांच्या सिनेमात ह्या अमेरिकन सरड्याला सिडनीत आणून खऱ्या गॉडझिलाकडून काही सेकंदांत जाळून टाकला. त्या सीनला मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या.

असं बोललं की लोक म्हणतात, “असल्या पिक्चरला स्टोरी कशाला लागते? डोकं बाजूला ठेवून बघा.” का ठेवू? 2023 मध्ये जपान्यांनी ‘गॉडझिला मायनस वन’ केला. खर्च दीड कोटी डॉलरपेक्षा कमी, इफेक्टवाले 35 जण, शॉट 610. ऑस्करही इफेक्टसाठीच मिळालं. आणि त्यातला युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाटणारा तो पोरगा राक्षसापेक्षा जास्त लक्षात राहतो. त्यांना परवडलं की स्टोरी लिहायला! हॉलिवूडवाल्यांकडं जवळपास नऊपट पैसा होता, आणि त्यात एक धड लिहिणारा बसवता आला नाही. मग डोकं आम्हीच का बाजूला ठेवायचं?