संशोधनाच्या कुपीने हृदयातला ब्लॉक उघडत नाही

'बायपास टाळा' असा एक मेसेज सध्या फिरतो आहे. मधुमेह असलेल्या आणि बायपास सुचवलेल्या माझ्या जवळच्या माणसाने तो पाठवून "घेऊ का?" असं विचारलं, म्हणून हे लिहितो आहे. मेसेज म्हणतो: प्रयोगशाळांना मिळणारं रीकॉम्बिनंट (म्हणजे जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेलं) मानवी व्हीईजीएफ-165 हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्या तयार करतं. 10 मायक्रोग्रॅमची कुपी 10 मिलिलिटर पाण्यात टाका, जोरात हलवा, फ्रीजमध्ये ठेवा आणि महिनाभर रोज थोडं टोचा. ब्लॉक उघडतो, पायाच्या जखमा भरतात. मधुमेहींनी तर जरूर घ्यावं. मानवी आणि 98% शुद्ध, म्हणून अपाय शून्य.

मधुमेहींबद्दलचं वाक्य सगळ्यात घातक आहे. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला ऑक्सिजन कमी पडला की पडदा स्वतःच जास्तीचं व्हीईजीएफ सोडतो. त्यातून फुटणाऱ्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात. त्यांतून रक्तस्राव होतो, पडदा ओढला जाऊन सुटतो, नजर जाते. अशा रुग्णांना डोळ्यात रॅनिबिझुमॅबसारखं जे इंजेक्शन देतात, ते व्हीईजीएफ अडवण्यासाठीच असतं. म्हणजे डॉक्टर जे प्रथिन दाबू पाहतात तेच हा मेसेज बाहेरून टोचायला सांगतो! 1983 मध्ये हे प्रथिन पहिल्यांदा ओळखलं गेलं ते रक्तवाहिन्या झिरपवणारा घटक म्हणून. हा त्याचा मूळ स्वभावच आहे. कर्करोगाच्या गाठीही याच प्रथिनाच्या जोरावर स्वतःकडे रक्त ओढतात. म्हणून ते रोखणारं बेव्हॅसिझुमॅब 2004 पासून आतड्याच्या कर्करोगात वापरलं जातं. शरीरात कुठे लहान गाठ लपली आहे हे टोचून घेणाऱ्याला कसं कळणार?

ब्लॉक उघडतो? नाही. ब्लॉक म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी, कॅल्शियम आणि तंतुमय थर. व्हीईजीएफ त्याला हातही लावत नाही. ते फक्त वाहिन्यांच्या आतल्या अस्तरपेशींना वाढायचा संकेत देतं. वाहिनी पक्की व्हायला भोवती आधारपेशी बसाव्या लागतात, आणि ते काम इतर प्रथिनांचं.

हा प्रयोग माणसांवर नीट करून झालेला आहे. 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात 2003 मध्ये आलेल्या व्हिव्हा चाचणीत अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) 178 रुग्णांना हेच प्रथिन किंवा औषधाविना द्रावण दिलं, आधी थेट हृदयाच्या धमनीत, मग शिरेतून. 60 दिवसांनी ट्रेडमिलवरची वेळ प्रथिनाचा लहान आणि मोठा डोस घेतलेल्या दोन्ही गटांत 30 सेकंदांनी वाढली, औषधाविना गटात 48 सेकंदांनी. 120 दिवसांनी मोठा डोस घेतलेल्यांचा छातीचा त्रास काहीसा कमी दिसला, एवढं मान्य करायला हवं. पण तो डोस होता किलोमागे मिनिटाला 50 नॅनोग्रॅम. 60 किलोच्या माणसाला मिनिटाला 3 मायक्रोग्रॅम लागतील, म्हणजे मेसेजमधली अख्खी कुपी साडेतीन मिनिटांत संपेल. आणि डोस वाढवावा तर हे प्रथिन रक्तदाब पाडतं.

'98% शुद्ध' याचा अर्थही समजून घ्या. प्रथिनं वेगळी करून पाहण्याच्या जेलच्या थरावर दिसणाऱ्या पट्ट्यांपैकी इतका भाग व्हीईजीएफचा, एवढंच तो आकडा सांगतो. ई. कोलायमधून काढलेल्या मालात त्या जिवाणूचं एन्डोटॉक्सिन (ताप आणणारा विषारी घटक) उरलं असेल, तर ते त्या पट्ट्यांत दिसत नाही; त्याची चाचणी वेगळी. काही कुप्यांत टिकवण्यासाठी गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घातलेलं असतं, व्हीईजीएफच्या 1 मायक्रोग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅम. ते माणसाला टोचायचं? लेबलावर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं, कारण माणसाला देण्याच्या औषधासाठी लागणाऱ्या तपासण्या त्या मालाच्या झालेल्याच नसतात.

विरघळवण्याची कृतीही चुकीची. प्रयोगशाळेत कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पूड तळाशी आणतात, 10 मायक्रोग्रॅमला साधारण 100 मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी घालतात, न घुसळता विरघळू देतात, मग छोटे वाटे करून गोठवतात. 10 मिलिलिटरमध्ये ते इतकं पातळ होतं की बरंचसं प्लास्टिकलाच चिकटतं, आणि हलवून फेस आला की प्रथिनाची घडी मोडते.

पायाच्या जखमेबद्दल अर्धं सत्य आहे. बेकॅप्लर्मिन नावाचा रीकॉम्बिनंट प्रथिनाचा जेल मधुमेही पायाच्या जखमेसाठी मंजूर झालेला आहे. पण ते प्रथिन वेगळं, पीडीजीएफ नावाचं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली जखमेवर लावायचं असतं, टोचायचं नसतं.

मेसेज वाचून कोणी आधीच टोचून घेतलं असेल आणि चक्कर, सूज, ताप, धूसर दिसणं किंवा डोळ्यांपुढे काळे ठिपके असं काही जाणवत असेल, तर थेट रुग्णालयात जा आणि ती कुपी लेबलासकट सोबत न्या.