त्या सहा मुद्द्यांतला चौथा मुद्दा

गेल्या रविवारी पहाटे साडेचार वाजता मी नेहमीप्रमाणे बहिणीच्या घराखाली सायकल घेऊन उभी राहिले, पण माझी भाची खाली आली नाही. ती सोळा वर्षांची आहे. इंदूरहून महूपर्यंत जायचे आणि उजाडल्यावर परतायचे, हा आम्हा दोघींचा रविवारचा नेम पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर गेली दोन वर्षे चुकलेला नाही. वर जाऊन पाहिले तर तिच्या सायकलचे पुढचे चाक काढून गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेले होते, हँडलबारवर ओढणी वाळत होती, आणि तिने काहीही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, आदल्या रात्री एक लांबलचक संदेश टाकला होता आणि त्याखाली तिच्या आईला उद्देशून लिहिले होते, ‘हे वाच आणि पोरीला वेळेत सावध कर.’

हा संदेश एव्हाना पुष्कळांकडे पोहोचला असेल. त्यातले सहा मुद्दे थोडक्यात असे आहेत. सायकल शर्यतींचा जागतिक महासंघ, म्हणजे यूसीआय, ही टूर द फ्रान्स चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीची शाखा आहे. त्याचा अध्यक्ष युरोपीय लोक आपसात ठरवतात, आशिया-आफ्रिकेला मतच नाही. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकी सायकलपटूकडून लाच घेऊन महासंघाने त्याला वाचवले, म्हणून उत्तेजक चाचण्या हे निव्वळ नाटक आहे. आशियाई आणि आफ्रिकी माणसाचे शरीर या खेळासाठी घडलेलेच नाही, आणि २०२५ची जागतिक स्पर्धा रवांडातल्या किगालीला नेली ती दया म्हणून. खेळाचा जगभर प्रसार म्हणजे शेखांच्या पैशाचा व्यवहार आहे. आणि शेवटचा मुद्दा, भारतीयाला तिथे आजवर काही मिळालेले नाही आणि मिळणारही नाही.

पहिला मुद्दा एका तारखेने निकालात निघतो. यूसीआयची स्थापना १४ एप्रिल १९०० रोजी पॅरिसमध्ये झाली, बेल्जियम, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड आणि अमेरिका यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून. टूर द फ्रान्सची पहिली शर्यत १९०३ची. टूर ज्या एएसओ कंपनीच्या मालकीची आहे तिचे आणि यूसीआयचे संबंध मालक-नोकराचे तर नाहीतच, उलट २००८ साली भांडण इतके विकोपाला गेले होते की पॅरिस-नीस आणि खुद्द टूर या दोन्ही शर्यती यूसीआयच्या छत्राबाहेर, फ्रेंच राष्ट्रीय महासंघाच्या नियमांखाली भरवल्या गेल्या. शाखा मुख्य कचेरीशी असे भांडत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. सव्वाशे वर्षांत या महासंघाचा एकही अध्यक्ष युरोपाबाहेरचा झालेला नाही. स्पेनचे लुइस पुइग, नेदरलँड्सचे हाइन व्हरब्रुगन, आयर्लंडचे पॅट मॅक्वेड, ब्रिटनचे ब्रायन कुकसन आणि २०१७ पासून फ्रान्सचे डाव्हिड लापार्तियाँ, अशी ही अलीकडची यादी आहे. लापार्तियाँ २०२१ आणि २०२५ या दोन्ही वेळी बिनविरोध निवडून आले, आणि जगभर पसरलेल्या खेळाच्या सर्वोच्च पदासाठी दुसरा उमेदवारच उभा राहू नये हे मला मुळीच निरोगी वाटत नाही. पण ‘आशिया-आफ्रिकेला मत नाही’ हे धडधडीत खोटे आहे. अध्यक्षाची निवड ४५ प्रतिनिधी करतात. त्यांत युरोपचे १५, आफ्रिका, आशिया आणि अमेरिका खंडाचे प्रत्येकी ९ आणि ओशनियाचे ३. म्हणजे ३० मते युरोपाबाहेरची आहेत. २०१७ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन येथे लापार्तियाँ यांनी कुकसन यांचा ३७ विरुद्ध ८ असा पराभव केला. युरोपची पंधराच्या पंधरा मते त्यांनाच पडली असे धरले तरी निदान २२ मते बाहेरच्या खंडांतून आलेली असणार, ही बेरीज-वजाबाकी संदेश लिहिणाऱ्याला करता आली असती. त्याआधी २०१३ मध्ये मॅक्वेड यांना त्यांच्याच आयरिश संघटनेने उमेदवारी नाकारली, स्वित्झर्लंडने दिलेली मागे घेतली, तेव्हा ते थायलंड आणि मोरोक्कोच्या शिफारशींचा आधार घेऊन उभे राहिले आणि फ्लॉरेन्समध्ये २४ विरुद्ध १८ मतांनी हरले. आशिया आणि आफ्रिका यांच्या मतांना किंमत नसती, तर पदावर बसलेल्या अध्यक्षाला त्यांच्या दारी जावे लागले नसते. तीस मते हाती असूनही या खंडांनी आपल्यातला माणूस आजवर का उभा केला नाही, हा प्रश्न आपण आपल्या संघटनांना विचारला पाहिजे, आणि तो मी मनापासून विचारते.

तिसऱ्या मुद्द्यासाठी एकच कागद पुरेसा आहे. कुकसन यांच्या काळात यूसीआयने स्वतःच एक स्वतंत्र आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपद स्विस सरकारी वकील राहिलेल्या डिक मार्टी यांच्याकडे होते, आणि मार्च २०१५ मध्ये त्याचा दोनशेहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो महासंघाला अजिबात पाठीशी घालत नाही. १९९९च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड हे निर्बंध असलेले औषध सापडले असताना मागची तारीख घातलेली डॉक्टरची चिठ्ठी स्वीकारली गेली. २००९ मध्ये तो निवृत्तीतून परतला तेव्हा चाचण्यांच्या यादीत ठरलेली मुदत पूर्ण होण्याआधीच त्याला ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत उतरू दिले गेले. २००६ मध्ये जो तपास ‘स्वतंत्र’ म्हणून जाहीर झाला त्याच्या मसुद्यात आर्मस्ट्राँगच्या माणसांचा हात होता. त्याच्याकडून देणग्या घेणे चुकीचे होते, हेही अहवाल सांगतो. पण लाच घेऊन चाचणीचा निकाल दडपला, या आरोपाला पुरावा सापडला नाही, असेही तोच अहवाल स्वच्छ शब्दांत सांगतो. लाडक्या खेळाडूसाठी नियम वाकवणे हा गुन्हा लहान नाही, आणि तो व्हरब्रुगन-मॅक्वेड यांच्या नेतृत्वाच्या माथी कायमचा राहील. पण जे सिद्ध झाले आहे तेच इतके गंभीर असताना जे सिद्ध झालेले नाही ते त्यात मिसळले की, खऱ्या दोषावरचे लक्षही उडते.

आता चौथा मुद्दा. खरे तर हे सगळे मी त्याच्याचसाठी लिहायला बसले, कारण मोबाइल माझ्या हातात देऊन भाचीने आपल्या पोटऱ्यांवर हात ठेवला आणि विचारले, ‘मावशी, माझे पाय मुळातच चुकीचे आहेत का गं?’ सोळा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा असे काही घरच्या माणसाने तिच्यापुढे ठेवले, याचा मला अजून राग आहे.

संदेशातला पुरावा असा की किगालीत आफ्रिकी स्पर्धक शर्यत अर्धवट सोडून बाहेर पडले. पुरुषांची ती शर्यत २६७.५ किलोमीटरची होती, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या शहरात होती, आणि सगळे चढ मिळून साडेपाच हजार मीटरच्या जवळ जात होते. सुरुवातीला दीडशेहून अधिक जण उभे होते आणि शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले फक्त ३०. बाहेर पडलेल्यांत युरोपातल्या मोठमोठ्या संघांचे पगारी व्यावसायिक रांगेने होते. त्यांच्या शरीररचनेबद्दल मात्र संदेशात एक अक्षर नाही.

इतिहास पाहायचा तर यूसीआयच्या जन्माच्याही आधी, १८९९ मध्ये, मॉन्ट्रियलला मेजर टेलर हा कृष्णवर्णीय अमेरिकी स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला होता. जपानचा कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचा जगज्जेता होता. इतकी सलग वर्षे ते विजेतेपद कुणाही युरोपीयाला राखता आलेले नाही. आज ऑलिम्पिकमध्ये खेळली जाणारी केइरिन, म्हणजे आधी मोटरसायकलच्या मागे धावून शेवटी वेगाची झुंज देण्याची ट्रॅकवरची शर्यत, मुळी १९४८ मध्ये जपानच्या कोकुरा शहरात सुरू झाली. ‘हे ट्रॅकवरचे झाले, रस्त्यावरचे दाखवा’ असे कुणी म्हणेल. कोलंबियाच्या एगान बेर्नालने २०१९ची टूर जिंकली. आणि एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने २०२२ मध्ये बेल्जियमच्या दगडी रस्त्यांवरची गेंट-वेवेल्गेम जिंकली, २०२४च्या टूरमध्ये तीन टप्पे जिंकले आणि सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी घालून तो शर्यत संपवून घरी गेला.

गिरमायची गोष्ट मी भाचीला सविस्तर सांगितली, कारण शरीराचा मुद्दा तिथेच संपतो. एरिट्रियात सायकलचे वेड इटलीच्या अमलापासूनचे आहे, पण रस्त्यावरची शर्यत एकट्याने सराव करून शिकता येत नाही. पन्नास-शंभर जणांच्या घोळक्यात पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहणे, वारा कुठून येतो ते ओळखून आडोसा धरणे, शेवटच्या दोन किलोमीटरला कोणाच्या मागे लागायचे ते ठरवणे, हे शर्यती खेळूनच अंगात येते. बेल्जियममधल्या मुलाला त्या घराजवळ मिळतात. एरिट्रियाच्या राजधानीतल्या, अस्माऱ्याच्या मुलाला आधी व्हिसा, मग विमानाचे भाडे आणि मग कुठल्या तरी संघात जागा मिळवावी लागते. ही दरी थोडीफार भरण्यासाठी यूसीआयने २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एगल या गावी, आपल्या मुख्यालयातच, जागतिक प्रशिक्षण केंद्र उघडले. गिरमाय त्या केंद्रात शिकला. २०१५च्या टूरमध्ये डोंगरी चढांची ठिपक्यांची जर्सी घालणारा पहिला आफ्रिकी, डॅनियल तेक्लेहायमानोत, तोही तिथलाच, आणि केनियातून आलेला ख्रिस फ्रूमही काही काळ तिथे होता. पाय त्यांचे पहिल्यापासून तेच होते, कमी होती ती शर्यतींची आणि पैशाची. किगालीच्या वेळी काही युरोपीय देशांनी खर्चाचे कारण देऊन तरुण गटांतले खेळाडू पाठवले नाहीत. जो खर्च त्यांना एका वर्षी जड झाला, तो आफ्रिकेतल्या आणि आपल्या मुलांच्या वाट्याला दर वर्षी येतो.

पाचव्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही, पण त्यातही थोडे तथ्य आहे. कतारमधल्या दोहाच्या २०१६च्या जागतिक स्पर्धेत रस्त्याच्या कडेला माणसे नव्हती, हे खरे आहे. २०११ ते २०१४ या काळात झालेली टूर ऑफ बीजिंग तर यूसीआयच्याच मालकीच्या कंपनीने भरवली. नियम करणारा आणि शर्यत विकणारा एकच असणे अयोग्य होते, आणि ती शर्यत चार वर्षांत बंद पडली. मात्र किगालीला त्याच मापाने मोजता येत नाही. रवांडाची टूर १९८८ पासून भरते आणि तिथे टेकड्या माणसांनी भरून जातात. २०२१ मध्ये यजमानपद ठरले तेव्हा किगालीसमोर होते मोरोक्कोचे तँजियर, म्हणजे स्पर्धा आफ्रिकेतच जाणार होती. रवांडाच्या सरकारवर काँगोतल्या संघर्षावरून गंभीर आक्षेप आहेत, फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय संसदेने त्यावर ठरावही केला, आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

राहिला भारत. २०१८ मध्ये अंदमान-निकोबारच्या एसो अल्बेनने ज्युनिअर जागतिक ट्रॅक स्पर्धेत केइरिनचे रौप्यपदक जिंकले, आणि ती स्पर्धा झाली त्याच एगलमध्ये, यूसीआयच्या स्वतःच्या ट्रॅकवर. पुढच्या वर्षी जर्मनीत एसो, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग या तिघांनी ज्युनिअर सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक आणले. २०२२ मध्ये दिल्लीत रोनाल्डोने वरिष्ठ आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचे रौप्य मिळवले. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात यूसीआयच्या अधिकृत यादीतली अनेक टप्प्यांची शर्यत झाली. रस्त्यावरच्या शर्यतीत आपण अजून फार मागे आहोत, हे मी लपवत नाही. बायपासवर ट्रकच्या दिव्यांत पहाटे सराव करणाऱ्या मुलीला ते वेगळे सांगावे लागत नाही.

दादा, तुम्ही वाईट हेतूने काही केले नाही हे मी जाणते, आणि पोरीची काळजी तुम्हाला माझ्याइतकीच आहे. पण तो संदेश तुम्ही आमच्या गटाखेरीज आणखी दोन गटांवर टाकल्याचे तुम्हीच सांगितलेत. तिथेही माझे हे उत्तर टाका आणि निदान चौथा मुद्दा खोटा आहे, एवढे तरी तुमच्या स्वतःच्या शब्दांत लिहा. येत्या जानेवारीत ती ज्युनिअर गटात जाईल. तिने तुमचे वाचले आहे, तेव्हा हेही तिला तुमच्याकडूनच वाचायला मिळाले पाहिजे.