'एज्युकेट'वरच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

सर, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. तुमचं म्हणणं असं की 'एज्युकेट' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मुलाच्या आतलं बाहेर काढणं, हे बी.एड.ला पहिल्या तासालाच शिकवतात, आणि मी माझ्या पोस्टमध्ये 'पोसणं, वाढवणं' असा अर्थ देऊन शिक्षण पार गोठ्यात नेऊन बांधलं. गोठ्याचं मान्य, पण बांधलं मी नाही हो, रोमन लोकांनीच बांधलंय, जनावरं नि रोपं वाढवायलाही ते एज्युकेटचं मूळ असलेलं लॅटिन क्रियापदच वापरायचे.

लॅटिनमध्ये क्रियापदं दोन. एडूकेरे म्हणजे बाहेर काढणं आणि एडुकारे म्हणजे पोसून मोठं करणं (आपल्याकडं ऱ्हस्व-दीर्घाला मार्क जातात, तिकडं अर्थच पालटतो). आता इंग्रजीची खोड बघा, 'आरे'वाल्या लॅटिन क्रियापदांना ती बऱ्याचदा शेवटी 'एट' लावून घेते, क्रेआरेचं क्रिएट, नारारेचं नॅरेट, तसंच एडुकारेचं एज्युकेट. एडूकेरेवरनं आलेला शब्द वेगळाच आहे, 'एड्यूस', म्हणजे डिड्यूस-रिड्यूसचा भाऊ, तुमचा 'बाहेर काढणं' हा अर्थ त्याच्याकडं गेलाय, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

आणि गंमत म्हणजे वॅरो नावाचा रोमन पंडित, इ.स.पू. 116 ते 27 मधला, त्यानं ही वाटणी आधीच करून ठेवलीय: सुईण बाहेर काढते, मूल सांभाळणारी दाई वाढवते, पंतोजी वळण लावतो, गुरुजी शिकवतात. म्हणजे सर, बाहेर काढणं हे सुईणीचं खातं, आणि एज्युकेट दाईचं!

यात कमीपणा काय ते मला खरंच कळलं नाही, आणि तेही साताऱ्यात बसून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, 1924 ला इथं बोर्डिंग काढलं तेव्हा पोरांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या माउलीनं कुठल्या वर्गात धडा घेतला नसेल, पण एडुकारे म्हणतात ते हेच की.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. दोन्ही क्रियापदांच्या पोटात 'नेणं' या अर्थाचा एकच धातू आहे आणि मी पोस्टमध्ये 'दोघांचा काडीचा संबंध नाही' असं ठोकून दिलं होतं, ते जास्तच झालं. ती ओळ आत्ताच काढलीय.