व्हिएन्नातला तो कोट: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, व्हिएन्नाच्या सैनिकी इतिहास संग्रहालयावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "राजपुत्राच्या रक्ताळलेल्या कोटावर चार परिच्छेद आणि शिपायावर एक ओळ नाही. संग्रहालय म्हणजे जत्रा वाटली का?" कोट झाकून ठेवावा, असंही म्हणालात. बावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला 'प्रतिक्रियेबद्दल आभार' म्हणून कटवणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोट. साराजेव्होत गोळी घालून मारलेला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, त्याचा तो फिका निळा अंगरखा पाहताना माझी नजर रक्तावर कमी, कापलेल्या जागेवर जास्त होती. कॉलरपाशी गोळीचं भोक एवढंसं; पण पुढून कापड कात्रीने उभं कापलंय. पदं, पदकं सगळं बाजूला ठेवून कुणीतरी घाईघाईने माणूस वाचवू पाहत होतं. शेजारीच तो ज्या गाडीत बसला होता ती साराजेव्होतली गाडी उभी आहे. यात मला जत्रा दिसली नाही, आणि कोट झाकून ठेवावा हे तुमचं म्हणणं काही पटत नाही.

पण प्रवेशाच्या दालनाबद्दल तुम्ही मला बरोबर पकडलंत. तिथे पन्नासहून जास्त सेनापती संगमरवरात उभे आहेत, आणि मी मान वर करून 'भव्य' लिहून मोकळा झालो. ती इमारत ज्या आर्सेनलचा, म्हणजे लष्करी संकुलाचा, भाग आहे ते बांधलं १८४८ च्या उठावानंतर. त्या ऑक्टोबरात जमावाने युद्धमंत्र्याला ठार मारून शस्त्रागार लुटलं होतं. म्हणजे हा लाल विटांचा किल्ला बाहेरच्या शत्रूपेक्षा व्हिएन्नाकरांच्याच धाकाने उभा राहिला. हे मला माहीत होतं, तरी लिहिलं नाही. फोटो छान आले होते, दुसरं काय!

शिपाई मात्र खरंच राहून गेला. २८ जून १९१४ च्या त्या गोळ्यांपासून पेटलेलं पहिलं महायुद्ध पार मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पोचलं. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात इंग्रजांच्या फौजेतल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जवळजवळ पाच महिने अडकल्या होत्या. रसद संपली, घोडे कापायची वेळ आली, आणि बरेच हिंदी शिपाई ते मांस तोंडात घालायला तयार नव्हते. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली. पुढे कैदेत वाळवंट तुडवताना किती तरी गेले. कोटासमोर उभा असताना यातलं काही माझ्या मनात आलं नाही, हे कबूल.

'भव्य' आज काढतोय. कुतबद्दलचा मजकूर कोटाच्या परिच्छेदाखाली घालतो. त्यात फौजेच्या भाषेत काही चुकलं असेल तर सांगा.