हाउसिंगमध्ये ग्रीस भरायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

माझ्या भाच्यानं मागच्या वर्षी हप्त्यावर जुना टिपर घेतला. वणीकडे गिट्टी-मुरमाच्या खेपा करतो. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, "मामा, हाउसिंगमंधी ग्रीस टाकून राह्यलो. दोन किलो पुरते का?"

मी अंथरुणात उठून बसलो. हाउसिंग म्हणजे मागच्या एक्सलची पेटी, ज्यात क्राउन हा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन तेलात फिरतात. कोणी सांगितलं, तर व्हॉट्सअ‍ॅपनं. तो मेसेज मलाही चार ग्रुपांतून आला होता, मी वाचून सोडून दिला होता. सोडायला नको होता. त्यात म्हटलंय: डिफरन्शियल लॉकवाल्या (मागची दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं लॉक असलेल्या) गाडीत, विदर्भाच्या उन्हात ९० नंबरचं गिअर ऑइल पाण्यासारखं होतं म्हणून १४०च टाका, लॉक असेल तर लॉकच्या ॲडिटिव्हची बाटली टाकलीच पाहिजे, नाहीतर लॉक पकडत नाही, जीएल-५ पितळ खातं म्हणून जीएल-४ घ्या (हे दोन्ही गिअर ऑइलचे दर्जे), आणि हाउसिंगमधून आवाज येत असेल तर अर्धं जळालं (इंजिनमधून काढलेलं) ऑइल, वर दोन किलो ग्रीस, "आयुष्यभर उघडायचं काम नाही".

शेवटचं आधी घेतो, कारण त्यातच गाडी आणि माणूस दोन्ही जातात.

हाउसिंगमध्ये तेल पोचवणारा पंप नसतो, निदान आपल्याकडच्या बहुतेक टिपरांत नसतो. क्राउन फिरता फिरता तळातलं तेल उचलतो आणि वर फेकतो. ते फेकलेलं तेल कास्टिंगमधल्या नाळीतून पिनियनच्या बेरिंगांपर्यंत जातं. ग्रीस असं वाहत नाही. क्राउन त्यात एकदा आपल्यापुरती चारी पाडतो आणि मग त्या पोकळीत कोरडाच फिरत राहतो. असं एक हाउसिंग मी स्वतः उघडलंय, विकत घेतलेल्या जुन्या गाडीचं. ग्रीस भिंतींना लिंपल्यासारखं चिकटलेलं, पिनियनचं पुढचं बेरिंग उष्णतेनं निळं पडलेलं, रोलर झिजून चपटे. आवाज मात्र खरंच कमी होता! विकणाऱ्याला तेवढंच हवं होतं. कानात कापूस घातला की गिरणीही शांत वाटते.

जळालं ऑइल मिसळणं त्याहून वाईट. बहुतेक ट्रकांत पिनियन क्राउनच्या मध्यापासून थोडा खाली सरकवून बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटतातही, आणि तेही टनांच्या दाबाखाली. गिअर ऑइलला तो उग्र वास येतो ना, तो त्यातल्या गंधकाच्या रसायनांचा. दात तापले की हीच रसायनं धातूवर पातळ थर धरतात आणि दाताला दात चिकटू देत नाहीत. इंजिन ऑइलमध्ये या कामासाठी एवढ्या ताकदीचं काही नसतं. वापरलेल्यात तर काजळी आणि लोखंडाचा भुगा आयताच येतो. म्हणजे चांगल्या तेलातली ताकद निम्मी केली आणि वर पॉलिश पेपर घातला.

त्यात ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं तोंड, ग्रीसनं बुजला तर आतली गरम हवा जाणार कुठं? ती सील ढकलते. तेल हबमध्ये उतरतं, तिथून ब्रेक लायनरवर. मुरमानं भरलेला टिपर उतारावर असताना एका बाजूचे लायनर तेलानं माखलेले असले तर काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा केबिनमध्ये बसून पाहावं.

आता ९० आणि १४०. इथं थोडं मान्य करावं लागेल. काही जड टिपरांच्या पुस्तिकेतच ८५डब्ल्यू-१४० लिहिलेलं असतं, तिथं तेच घाला, वाद नाही. पण मेसेजमधलं कारण चूक आहे. एसएई जे३०६ हे गिअर ऑइलच्या जाडीचं मानक आहे आणि त्यात हे नंबर ठरतातच मुळी १०० अंश सेल्सिअसला मोजून: ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं माप) आत, १४० म्हणजे २४ ते ३२.५ च्या आत. चंद्रपूरचा पारा ४७ ला गेला म्हणून ९० चं पाणी होत नाही. ऊन आणि जड खेप मिळून तेल जास्त तापतं, हे खरं, पण एक्सल बनवणाऱ्यानं ते धरूनच नंबर दिलेला असतो. उगाच जाड तेल घातलं तर ते घुसळण्यातच ताकद जाते, तेल आणखी तापतं आणि डिझेल पिणं वाढतं. आणि इंजिनचा ४०-५० नंबर पाहून ९० ला भलतंच जाड समजू नका. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, प्रत्यक्षात जाडी जवळपास सारखीच.

जीएल-५ आणि पितळाचं अर्धं खरं आहे, पण ते गिअरबॉक्सचं. तिथल्या पितळी सिंक्रो कोनला (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) जीएल-५ काही वेळा मानवत नाही. मागच्या एक्सलमध्ये सिंक्रो कोन असतोच कुठं? तिथं घसटणाऱ्या दातांना जीएल-५ च लागतं. दोन डबे ओळखू येत नसतील तर वर खडूनं लिहून ठेवा.

राहिली बाटली. ती लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलसाठी असते, ज्यात क्लच प्लेटा असतात आणि वळणावर त्या कुरकुरतात. टिपरचं लॉक तसं नसतं. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की हवा जाते, फोर्क दातांची बाही सरकवतो आणि दात दातात बसतात. घासायला प्लेटच नाही, मग बाटलीतलं औषध कोणाला पाजणार?

दुसऱ्या दिवशी मी गेलो. भाच्याच्या गाडीला पुस्तिका नव्हती, म्हणून एक्सलवरची प्लेट घासून नंबर काढला आणि पार्टवाल्याकडून तेल विचारून घेतलं. सपाट जागी उभी करून फिलर प्लगच्या तोंडापर्यंत भरलं, वर एक थेंब नाही. मग त्याला विचारलं, बाबा, हे सगळं सुरू कशावरून झालं?

"लॉक लागतच नाही ना मामा. बटन दाबलं का नुसतं फुस्स करते."

खाली सरकून पाहिलं. शेतात माती टाकायला गेला होता तेव्हा पऱ्हाटीच्या खुंटानं एअर पाइप चिरला होता.