कोण देतं रे पैसे तुला?

आज दुपारी एका वास्तुशांतीच्या पंगतीत माझ्या तेरा वर्षांच्या मावसभावाला एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही जर्सी घालून हिंडतोस, त्या अर्जेंटिनाचा तू कोण रे? पैसे देतात काय ते तुला?" पंगत हसली. पोरगं मान खाली घालून जिलेबीचा तुकडा पानात इकडून तिकडं सरकवत बसलं. मी मठ्ठ्याची बादली घेऊन मागंच उभा होतो. भर पंगतीत मोठ्या माणसाला उलट बोलायचं नसतं, म्हणून गप्प बसलो. इथं पंगत नाही. ते काका फेसबुकवर आहेत, रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतात, त्यामुळं वाचतीलच.

हाच प्रश्न मी आधी एकदा ऐकलाय. तेव्हा विचारणारा गोरा होता आणि त्याच्या हातात माइक होता.

कतारमधला २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप. माझा पहिलाच परदेश प्रवास. मामा दोह्यात एसीच्या कामावर आहे, म्हणून जमलं, नाहीतर आपली काय ऐपत. हय्या कार्डासाठी, म्हणजे वर्ल्ड कपला आलेल्यांच्या प्रवेशपरवान्यासाठी, मामाच्याच खोलीचा पत्ता दिला, हॉटेल वाचलं. मेट्रो त्या कार्डावर फुकट. आईनं भडंग आणि कांदालसूण चटणी इतकी दिली होती की बॅगेत कपड्यांना जागा उरली नाही. तिथल्या रहिवाशांसाठी ४० रियालचं तिकीट होतं, ते मामाचं. माझं २५० चं, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास. त्यामुळं एकाच स्टेडियममध्ये मामा एका टोकाला आणि मी दुसऱ्या. मामा जन्माचा ब्राझीलवाला, मला सोबत म्हणून आला होता. मनातून कुणाला सपोर्ट करत होता ते त्यालाच ठाऊक.

मॅच होती २२ नोव्हेंबरला, लुसैल स्टेडियमला, भर दुपारी एकची. अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. पुढचं सगळ्यांना माहितीय. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, आम्ही हवेत. मग पहिल्या हाफमध्येच आमचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द. सौदीची बॅकलाइन, म्हणजे बचावफळी, एवढी वर उभी होती की माझ्या शेजारचा म्हातारा म्हणत होता, आता चार-पाच बसणार यांना. मला मात्र धाकधूक होती, कारण ही चाल मी शेकडो वेळा खेळलोय. गेममध्ये. शाळेत असताना क्लास बुडवून आम्ही कॅफेत तासावर पीईएस हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळायचो. तिथं समोरच्यानं ऑफसाइड ट्रॅप लावला, म्हणजे बचावफळी मुद्दाम वर सरकवून आपल्या फॉरवर्डला ऑफसाइड पकडायचा डाव टाकला, आणि तुम्ही घाईघाईनं थ्रू बॉल टाकत बसलात, की मॅच गेलीच म्हणायची. लुसैलला डोळ्यांसमोर तेच चाललं होतं. सौदीचे दोन गोल, ४८ व्या मिनिटाला अल शेहरी, ५३ व्या मिनिटाला अल दवसारी. २-१. छत्तीस मॅच न हरलेली टीम, आणि मी बघायला गेलो त्या दिवशी हरली.

मॅचनंतर मेट्रोच्या रांगेत, त्या नागमोडी कठड्यांमधून, आम्ही पाय ओढत चाललो होतो. सौदीची पोरं खांद्यावर झेंडे टाकून "मेस्सी कुठाय?" म्हणत नाचत होती. त्यांचा हक्कच होता. माझ्या पुढं केरळातल्या मलप्पुरमची चार-पाच पोरं, अंगात निळ्या-पांढऱ्या जर्सी, गळ्यात ढोल, पण वाजवायचं बळ कुणात नव्हतं. तेवढ्यात तो माइकवाला आला. आधी विचारलं, कुठून आलात? इंडिया म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, यासाठी किती पैसे मिळाले तुम्हाला?

तेव्हा ही टूम निघाली होती. दोह्याच्या रस्त्यावर आपल्या लोकांनी मिरवणुका काढल्या, त्यांचे व्हिडिओ फिरले, आणि युरोपातल्या माध्यमांनी लिहिलं की हे नकली फॅन आहेत, कतारनं भाड्यानं आणलेत. बरं, कतारनं काही फॅन लोकांचा विमानाचा आणि राहण्याचा खर्च केला होता, हे खरंय. पण त्यात नेदरलँड्सचे होते, वेल्सचे होते. त्यांना कुणी नकली म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. नकली कोण, तर आठवडाभर कंपनीत राबून एका सुट्टीच्या दिवशी ढोल वाजवणारा मलबारी.

मला त्या माइकवाल्याला जे सांगायचं होतं ते इंग्रजीत येत नव्हतं आणि मराठीत लिहिण्यासारखं नाही. माझ्या पुढच्या पोरानं मात्र शांतपणे उत्तर दिलं. म्हणाला, साहेब, पैसे मिळत नाहीत, कापले जातात. आजची रजा बिनपगारी आहे.

माइक लगेच दुसरीकडं वळला.

काका, आता तुमच्याकडं येतो. तुम्ही आणि तो माइकवाला, दोघांना एकच गोष्ट पटत नाही, की आपल्यासारख्या माणसाचं लांबच्या कशावर तरी फुकटात मन बसू शकतं. त्याला वाटतं आम्ही गरीब, म्हणजे विकलेलेच असणार. तुम्हाला वाटतं पोरगं कोल्हापूरचं, त्यानं आपली पायरी ओळखून राहावं. फेडरर रिटायर झाला तेव्हा तुम्हीच भलीमोठी पोस्ट टाकली होती, 'एका युगाचा अंत' वगैरे. आम्ही विचारलं का, की स्वित्झर्लंडचे तुम्ही कोण?

आणि हे कुठं बोलताय, तर कोल्हापुरात! जिथं पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की निम्म्या दुकानांची शटर खाली येतात. पेठेच्या टीममधून नायजेरियाची पोरं खेळून गेली या गावात. त्यांनी गोल मारला की आपण शाहू स्टेडियम डोक्यावर घेतलंय. तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही की शिवाजी पेठेशी तुझा काय संबंध. जर्सी घातली, विषय संपला. पैसे घेऊन खेळायचे ते, हो, पण आपल्याला त्याचं काही वाटायचं नाही. मग फुकट ओरडणाऱ्याचंच का वाटतं?

'आधी भारताचं बघा' हे पण ऐकवलं आज. बघतो की. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरनं आपल्याला २-१ नं हरवलं आणि एशियन कपचं दार बंद झालं. आपल्या छांगतेनं आधी गोल केला होता तेव्हा हेच पोरगं सोफ्यावरून उडी मारून पंख्याला लागता लागता वाचलं, आणि हरल्यावर न जेवता झोपलं. पंगतीत हसलेल्यांपैकी किती जणांना ती मॅच होती हे तरी ठाऊक होतं? अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, आपल्या कोल्हापूरचा, तेव्हा त्याच्यासोबत फोटो काढायला मात्र सगळे पुढं.

चहा पिऊन आलो. जरा डोकं थंड झालंय.

पोराचा दिवस कसा असतो ते सांगतो. पहाटे गांधी मैदानावर प्रॅक्टिस, पावसाळ्यात तिथं तळं होतं तेव्हा कडेच्या पट्टीवर. मग शाळा, मग क्लास. रात्री आईचा मोबाइल मिळाला की ई-फुटबॉल हा गेम, बॅटरी संपेपर्यंत. गेममध्ये पैसे घालून खेळाडू मिळवायचा जो प्रकार आहे तो मलाही पटत नाही, आणि डोळ्यांचं म्हणाल तर मावशी बरोबर आहे. पण या पोराला जगाचा नकाशा त्या गेमनं शिकवलाय. मेस्सीचं रोसारियो कुठं आहे, इटलीतल्या नापोलीचे लोक मॅराडोनाला देव का मानतात, सगळं सांगतो. आमच्या वेळच्या पीईएसमध्ये तर परवाना नाही म्हणून चेल्सीचं नाव 'लंडन एफसी' असायचं. आम्ही त्या खोट्या नावाच्या टीमसाठी खऱ्या शिव्या दिल्यात एकमेकांना. आणि हो, लुसैलला माझ्या अंगातली जर्सी पण कोल्हापुरातच घेतलेली, पहिल्या धुण्यात रंग सोडणारी. तेवढं एक नकली होतं माझ्याकडं.

कतार म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. ती स्टेडियमं बांधायला आपल्याकडची, नेपाळची, बांगलादेशची माणसं गेली आणि त्यातली काही परत आली नाहीत. मामाच्या खोलीत त्यावर रात्रभर बोलणं व्हायचं. माइकवाल्यानं ते विचारलं असतं तर रांगेतल्या प्रत्येकानं काहीतरी सांगितलं असतं. त्यानं विचारलं, किती मिळाले.

काकांबद्दल एक सांगायलाच हवं. आत्ता आईनं सांगितलं की १९८६ ला गल्लीत एकच टीव्ही होता आणि मॅराडोनाच्या मॅचला त्याच्यासमोर सगळ्यात पुढं हेच काका मांडी घालून बसायचे. फायनलनंतर म्हणे सायकलला निळी-पांढरी रिबीन बांधून रंकाळ्याला फेऱ्या मारल्या होत्या. हे ऐकून मला हसू पण आलं आणि राग पण. मग काका, तुम्हाला कोण देत होतं? आज त्या पोराला एवढी एक गोष्ट सांगितली असती तर ते तुमच्या शेजारून उठलं नसतं.

असो. या वेळचा, २०२६ चा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत आहे. व्हिसा आणि तिकिटांचे आकडे बघून मी लॅपटॉप मिटला, त्यामुळं मामा आणि मी दोघंही या खेपेला घरीच. अर्जेंटिनाची पहिली मॅच अल्जेरियाशी, तिथं १६ जूनची रात्र, आपल्याकडं १७ ची सकाळ, शाळेची वेळ गाठून. फायनल १९ जुलैला, म्हणजे आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेल्यावर. तालमीसमोर स्क्रीन लावायचं ठरतंय. मंडपवाल्याशी बोलणं झालंय, साउंडसाठी पोलीस परवानगी बघायची आहे. वर्गणी कुणाकडं द्यायची ते कमेंटमध्ये टाकतो. ब्राझीलवाल्यांकडूनही घेणार आहे. त्यांची एकच अट आहे, स्क्रीनसमोर ७-१ चा, म्हणजे २०१४ ला जर्मनीकडून खाल्लेल्या माराचा विषय काढायचा नाही. वर्गणी घेईन, हमी देणार नाही.