‘सॉकेट जुळलं की झालं’? मदरबोर्डाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नवा पीसी जोडायचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: मदरबोर्डवर पैसे घालू नका; सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जुळलं की कुठलाही बोर्ड चालतो; वेग प्रोसेसरचा असतो, बोर्डाचा नाही; रॅमचे चार स्लॉट तेवढे बघून घ्या; बायोसला (पीसी चालू करणाऱ्या, बोर्डातल्याच सॉफ्टवेअरला) हात लावू नका; वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात टाका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन-तीन हजारांतही नवा बोर्ड मिळतो, ही पुस्ती शेवटी असतेच.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर तो पसरतो. तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच कार्ड साध्या बोर्डावर लावा किंवा तिप्पट किमतीच्या, गेममध्ये फार तर दोन-चार फ्रेमचा फरक पडेल. बोर्ड वेग वाढवत नाही, हे मान्य. पण तो वेग अडवू शकतो, आणि कुठे अडवणार ते खोक्यावर छापलेलं नसतं. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘सॉकेट जुळलं की झालं.’ इंटेलच्या एलजीए १७०० या एकाच सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुन्या पीसीतली डीडीआर४ नव्या डीडीआर५ बोर्डात बसतच नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांना एलजीए ११५१ अजून फसवतं. सहाव्या-सातव्या पिढीचा बोर्ड आणि आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर एकमेकांत व्यवस्थित बसतात, पण चालू होत नाहीत. एएमडीकडे एएम५ सॉकेटवर बी६५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड २०२२ मध्ये आले आणि रायझन ९००० मालिका २०२४ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस असेल तर त्या मालिकेतला ९६००एक्स लावल्यावर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. दुकानदार ‘चालेल ओ, टेन्शन नाही’ म्हणाला तरी निर्मात्याच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. प्रोसेसरच्या नावासमोर किमान कुठला बायोस हवा ते तिथे दिलेलं असतं.

काळ्या पडद्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात बोर्डाचा दोष नाही. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग होतं, म्हणजे रॅमशी जुळवाजुळव होते, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. घाबरून मध्येच पॉवर बटण दाबलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

‘वेग प्रोसेसरचा असतो.’ प्रोसेसरला वीज देतो बोर्ड, आणि मेसेजची खरी चूक इथेच आहे. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात सव्वा-दीड. हे रूपांतर सॉकेटच्या बाजूला असलेलं व्हीआरएम करतं. कोअर आय५-१२४००एफ टर्बोमध्ये जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो, म्हणजे १.२ व्होल्टला शंभर अँपिअरच्या आत. एवढं एच६१० चिपसेटचा साधा बोर्डही निभावतो, त्यामुळे या प्रोसेसरसाठी मेसेजचा सल्ला बरोबर ठरतो. आय७-१४७००के ची मर्यादा मात्र २५३ वॉट आहे, म्हणजे दोनशे अँपिअरच्या आसपास. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी २५-२८ वॉट उष्णता त्या इंचभर पट्टीतच निघते. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर तिथे हीटसिंकही नसतं. व्हीआरएममधले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) शंभर अंशांपलीकडे गेले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरला खाली खेचतो. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत पारा ३३-३४ अंशांवर असतो, तेव्हा हे अधिकच लवकर घडतं.

त्यातही एक गंमत आहे. बॉक्समधला साधा कूलर वारा खाली फेकतो, त्यामुळे व्हीआरएमलाही थोडी हवा लागते. ‘भारी’ म्हणून लिक्विड कूलर बसवला की ती हवा बंद होते, प्रोसेसर थंड आणि बोर्ड भाजलेला. लिक्विड कूलर लावणार असाल तर व्हीआरएमवर हीटसिंक आणि कॅबिनेटला मागे बाहेर हवा फेकणारा पंखा, दोन्ही हवेत.

तपासायला अर्धा तास पुरतो. सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची ३० मिनिटांची चाचणी लावा आणि शेजारी तापमान-वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा. ‘व्हीआर थर्मल अलर्ट’ समोर ‘यस’ आलं आणि प्रोसेसरचा क्लॉक (वेग) पडत गेला, तर बोर्ड कमी पडतोय. नुसतं ‘पॉवर लिमिट’ दिसलं तर ती बायोसमधली मर्यादा आहे, बोर्ड तापल्याची खूण नाही.

खोक्यावरच्या ‘१२+२ फेज’ला (फेज म्हणजे व्हीआरएमचा एक हिस्सा) मात्र भुलू नका. सहा फेजना प्रत्येकी दोन मॉसफेट संच जोडूनही बारा लिहिता येतात. आकड्यापेक्षा प्रत्येक पॉवर स्टेज (मॉसफेटचा संच) किती अँपिअरची आहे आणि तिच्यावर किती वजनाचं हीटसिंक बसवलंय, ते बघा.

‘चिपसेट कुठलाही चालेल’ असं मेसेज उघड म्हणत नाही, पण स्वस्तातला घ्या म्हटलं की अर्थ तोच. एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक (मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने) होत नाही. त्यामुळे ६००० वेगाची डीडीआर५ किट घेऊन एच६१० वर लावली तर ती बहुधा ४८०० वरच चालते. किटचे जादा पैसे पाण्यात. बी७६० वर एक्सएमपी (रॅमला किटवर लिहिलेल्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू होतं. एएमडीकडे ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, रॅमचं एक्स्पो (एएमडीची तशीच सेटिंग) मात्र चालतं, म्हणून रायझन ५ ७६०० साठी ए६२० हा वाईट सौदा नाही. एच६१० च्या एम.२ स्लॉटला (एसएसडी बसते ती जागा) तिसऱ्या पिढीचा पीसीआयई (कार्ड आणि एसएसडीला जोडणारा मार्ग) मिळतो, म्हणजे सेकंदाला ७००० एमबीची एसएसडी निम्म्या वेगाने धावेल. विंडोज उघडायला आणि गेम लोड व्हायला त्याने फारसं काही बिघडत नाही. रोज मोठ्या व्हिडिओ फाइली हलवणाऱ्यालाच ते जाणवेल.

‘वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात.’ सल्ला चांगला, पण कार्ड कुठल्या स्लॉटात जाणार? आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डं पीसीआयईच्या आठच लेन (वाटा) वापरतात, आरएक्स ६५००एक्सटी तर चारच. ए५२० आणि बी४५० बोर्डांवर पीसीआयई तिसऱ्या पिढीचा आहे, त्यामुळे त्या थोड्या लेनची रुंदी आणखी निम्मी होते. ६५००एक्सटीला याचा फटका स्पष्ट बसतो. आठ जीबीच्या कार्डांना तो व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरल्यावर बसतो, झटके येतात तेव्हा. बी५५० घेतला तरी प्रोसेसर रायझन ५५०० किंवा ५६००जी असेल तर पीसीआयई तिसऱ्याच पिढीचा राहतो, कारण मर्यादा त्या चिपचीच आहे. १६ लेनच्या कार्डाला हा प्रश्न जवळजवळ नाहीच.

‘चार स्लॉट बघून घ्या.’ हा सल्ला डीडीआर३ च्या काळात ठीक होता. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चारवर तो ३६०० वर येतो. म्हणजे ‘पुढेमागे वाढवू’ म्हणून आणखी दोन स्टिक लावल्या की सगळी रॅम मंदावते, कधी एक्स्पो लावल्यावर पीसी उठतच नाही. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन, ६४ हवी तर ३२ च्या दोन, एकाच किटमधल्या. दोन स्लॉटचा बोर्ड यात काही कमी नाही. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्यात आणि चौथ्यात लावा.

‘बायोसला हात लावू नका.’ अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड अडकू शकतो, हे खरं. पण हात न लावण्याची किंमतही मोजावी लागली आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर करणाऱ्या दोषावर २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, तो बायोसमधूनच. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळू लागले, तेव्हा एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची कमाल मर्यादा लागली, तीही बायोसमधूनच. ज्यांनी ‘जसं आहे तसं’ ठेवलं, त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही.

बोर्ड निवडताना मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस बदलण्याचं) बटण असेल असाच बघा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, साइटवरची फाइल अनझिप करून कंपनी सांगेल ते नाव द्या, खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच लावा. पॉवर सप्लायची २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन वायर जोडलेली हवी. प्रोसेसर आणि रॅम नसली तरी चालतं. बटण तीन-एक सेकंद दाबलं की दिवा लुकलुकतो. तो थांबेपर्यंत काहीही काढू नका. घरी यूपीएस असेल तर त्यावर लावा. विंडोज आधीच बसवलेलं असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की हाताशी ठेवा, अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते. एक्सएमपी-एक्स्पो पुन्हा चालू करायलाही विसरू नका, ते बंद झालेलं असतं.

पण मग महागडाच घ्यावा, असंही नाही. घरात शंभर-तीनशे एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर १ गीगाबिटचा लॅन पोर्ट पुष्कळ झाला. केबलवाल्याची वायर गच्चीवरून येत असेल तर ती थेट बोर्डात न खोचता राउटरमधून आणा. पावसाळ्यात वीज कडाडली की लॅन पोर्ट जातो तो या वायरीनेच.

‘दोन-तीन हजारांत नवा बोर्ड.’ खोकं नवं असतं, आतली चिप बहुतेकदा एच६१ किंवा एच८१. एच६१ आला २०११ मध्ये. त्यात सहा गीगाबिटचं साटा (डिस्क जोडण्याचा पोर्ट) नाही, चिपसेटचं स्वतःचं यूएसबी ३ नाही. त्यावर चालणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. बिलिंग किंवा टायपिंगसाठी जुना प्रोसेसर हाताशी असेल तरच याचा विचार करा, नव्या बिल्डसाठी नाही.

भडकमकर मार्गावर, म्हणजेच लॅमिंग्टन रोडला, बोर्ड हातात घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी काउंटरवरच सॉकेटचं प्लास्टिक झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चखाली पिना बघा. तिरक्या धरलेल्या उजेडात सगळ्या ओळी एकसारख्या चमकतात. एखादी पिन वाकलेली असेल तर तिथे काळा ठिपका दिसतो. वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत, आणि ती दुकानात वाकली की घरी, हे नंतर सिद्ध करता येत नाही. झाकण जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड परत देताना ते लागतं. जीएसटी बिलावर बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘बी७६० बोर्ड’ लिहिलेलं बिल घेऊ नका, कारण एकाच कंपनीच्या एकाच चिपसेटच्या दोन बोर्डांत एक हीटसिंकवाला आणि एक उघडा असू शकतो. कॅबिनेटला पुढे टाइप-सी असेल तर बोर्डावर त्याचा हेडर (वायर खोचायची जागा) आहे ना, तेही तिथेच बघून घ्या.